घाऊक दर उतरला, घराचं बिल चढलं: जर्मनीतल्या अक्षय ऊर्जा अधिभाराचं प्रकरण

१५ ऑक्टोबर २०१२ रोजी जर्मनीच्या चार पारेषण कंपन्यांनी, म्हणजे फिफ्टीहर्ट्झ, अँप्रिऑन, टेनेट आणि ट्रान्सनेट बीडब्ल्यू यांनी, पुढच्या वर्षाचा अक्षय ऊर्जा अधिभार, म्हणजे सौर-पवन विजेच्या अनुदानासाठी ग्राहकाच्या बिलात लागणारा आकार, जाहीर केला: युनिटला ५.२७७ सेंट. चालू वर्षी तो ३.५९२ सेंट होता. एका फटक्यात ४७ टक्के वाढ. वर्षाला ३,५०० युनिट वापरणाऱ्या घराला १९ टक्के मूल्यवर्धित कर धरून या एका ओळीचे २०१२ मध्ये १५० युरो पडत होते, ते २०१३ मध्ये २२० झाले.

त्याच काळात वीजबाजारातला घाऊक दर खाली येत होता. २०११ ची सरासरी युनिटला ५.११ सेंट होती, २०१२ ची ४.२६. घाऊक माल स्वस्त होतोय आणि किरकोळ बिल वाढतंय, मग मधले पैसे खाल्ले कोणी, असा प्रश्न तेव्हा वर्तमानपत्रांपासून संसदेपर्यंत विचारला गेला. उत्तर मात्र चोरीत नव्हतं. ते अधिभाराच्या सूत्रात होतं: घाऊक दर उतरला म्हणूनच अधिभाराचा बराच भाग चढला. ही गोष्ट नीट उलगडल्याशिवाय अनुदानामुळे वीज महागली की स्वस्त झाली, या वादात दोन्ही बाजू खरे आकडे देऊन चुकीचे निष्कर्ष काढत राहतात.

सूत्र: दिलेलं वजा मिळालेलं

जर्मनीचा अक्षय ऊर्जा कायदा, ज्याला तिथे ईईजी म्हणतात, १ एप्रिल २००० पासून लागू झाला. छपरावर सौर पॅनेल लावा, शेतात पवनचक्की उभारा; तुमची वीज ग्रिडला आधी घ्यावीच लागेल, आणि ज्या वर्षी प्रकल्प सुरू झाला त्या वर्षीचा ठरलेला दर, म्हणजे हमीदर, पुढची २० वर्षं मिळेल. २००९ मध्ये ३० किलोवॉटपर्यंतच्या छपरी सौर संचाला हा दर युनिटला ४३.०१ सेंट होता. जमिनीवरच्या पवनचक्कीला साधारण ९ सेंट.

२०१० पासून नियम असा झाला की ही सगळी वीज पारेषण कंपन्यांनी उद्याच्या पुरवठ्यासाठी आज होणाऱ्या लिलावात विकायची. उत्पादकांना हमीदराने दिलेले पैसे वजा बाजारातून मिळालेले पैसे, ही झाली तूट. त्यात मागच्या वर्षाची उरलेली तूट आणि राखीव निधी मिळवायचा, आणि जे ग्राहक सवलतीत नाहीत त्यांच्या एकूण युनिटांनी भागायचं. आलेला आकडा म्हणजे पुढच्या वर्षाचा अधिभार.

सगळी मेख त्या वजाबाकीत आहे. ९ सेंट हमीदराची एक पवनचक्की घ्या. बाजारात ५ सेंट मिळत असतील तर अधिभारातून ४ सेंट भरायचे. बाजार ३.५ सेंटवर आला की भरायचे ५.५. चक्की तीच, वारा तेवढाच, मालकाच्या खिशात पडणारे पैसे तेवढेच; तरी अधिभारातला तिचा वाटा ३७.५ टक्क्यांनी वाढला. जुन्या सौर संचाचं गणित याहून वेगळं. ४३ सेंटमधून ५ वजा केले काय किंवा ३.५ वजा केले काय, तूट ३८ ची ३९.५ होते. म्हणजे टक्क्यांत पाहिलं तर घाऊक दराच्या चढउताराला स्वस्त अक्षय ऊर्जेची तूट जास्त हलते, महाग ऊर्जेची कमी. अधिभाराकडे ‘अक्षय ऊर्जेची किंमत’ म्हणून पाहणाऱ्यांची चूक इथेच होते. तो दोन दरांमधला फरक आहे, किंमत नव्हे.

एका दुपारचा लिलाव

घाऊक दर मुळात का उतरला? वीजकेंद्रं त्यांच्या चालू खर्चाच्या क्रमाने रांगेत लागतात. आपल्याकडे भार प्रेषण केंद्रात याला एमओडी (मेरिट ऑर्डर डिस्पॅच) म्हणतात. जर्मनीत तेव्हा अणुऊर्जा खाली, मग लिग्नाइट (हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा), मग दगडी कोळसा, सर्वांत वर गॅस. मागणी भागवायला रांगेतलं जे शेवटचं केंद्र लागतं, त्याचा दर त्या तासाला सगळ्यांना मिळतो. सौर आणि पवनऊर्जेला इंधन लागत नाही, त्यामुळे ती रांगेत सर्वांत पुढे घुसते आणि मागची अख्खी रांग एकेक पाऊल मागे ढकलली जाते.

२५ मे २०१२ च्या दुपारी जर्मनीतल्या सौर संचांनी सुमारे २२ गिगावॉट वीज दिली. तोवर जगात कुठेही एवढी सौरऊर्जा एकाच वेळी ग्रिडवर आली नव्हती. अशा दुपारी काय होतं ते उदाहरणाने पाहू. मागणी ६५ गिगावॉट आहे आणि ऊन नसतं तर शेवटचं केंद्र गॅसचं लागलं असतं, युनिटला ५.५ सेंटचं. २२ गिगावॉट सौर आल्यावर उरलेली मागणी ४३, आणि शेवटचं केंद्र लागतं कोळशाचं, ३.५ सेंटचं. आता त्या तासाला विकली गेलेली प्रत्येक युनिट ३.५ ची: अणुकेंद्राचीही, लिग्नाइटचीही आणि खुद्द सौरऊर्जेचीही. सौरऊर्जा स्वतःचाच भाव पाडते. ऊन एकाच वेळी सगळ्यांच्या छपरांवर पडत असल्यामुळे तिला सरासरी घाऊक दराहून कमी दर मिळायला लागतो, आणि अधिभार काढताना हा घसरलेला दरच धरावा लागतो.

दुपारचा तास हा पूर्वी सर्वांत महाग तास होता. गॅसची केंद्रं त्याच कमाईवर उभी होती. बव्हेरियात इर्शिंगला २०१० मध्ये सुरू झालेलं, जगातल्या सर्वांत कार्यक्षम केंद्रांत गणलं जाणारं गॅस युनिट तासच मिळेनात म्हणून बंद करण्याची नोटीस मालकांनी २०१५ मध्ये दिली. ग्रिडला दक्षिणेत त्याची गरज होती, म्हणून ते राखीव ठेवलं गेलं. आणि राखीव केंद्रांचा खर्च बिलात कुठे बसतो? वहन आकारात. म्हणजे घाऊक दर पडल्याचा एक परिणाम अधिभाराच्या ओळीत दिसतो, दुसरा त्याखालच्या ओळीत, आणि दुसऱ्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

घसरणीचं सगळं श्रेय मात्र सूर्यवाऱ्याला देता येत नाही. २००८ मध्ये वार्षिक सरासरी घाऊक दर ६.५८ सेंट होता. त्यानंतर मंदीत मागणी मंदावली, कोळसा स्वस्त झाला, आणि कार्बन हवेत सोडण्यासाठी लागणाऱ्या युरोपातल्या परवान्यांचा भाव टनाला २५ युरोंच्या वरून २०१३ मध्ये ५ युरोंच्याही खाली गेला. फक्त अक्षय ऊर्जेमुळे झालेली घट त्या वेळच्या अभ्यासांत २०१० साठी युनिटला ०.६ सेंट आणि २०१२ साठी १ सेंटच्या आसपास धरली गेली. पुढच्या हिशेबात हा १ सेंट लागणार आहे.

५.२७७ ची फोड

२०१३ च्या अधिभारातून गोळा करायची रक्कम होती सुमारे २०.४ अब्ज युरो, आणि ती पडणार होती सुमारे ३८६ अब्ज युनिटांवर. आत तीन भाग होते: त्या वर्षाची खरी तूट ४.१९ सेंट, राखीव निधी ०.४२, आणि २०१२ ची मागची बाकी ०.६७. शेवटचे दोन मिळून १.०९ सेंट. म्हणजे १.६८५ सेंटच्या वाढीतला मोठा हिस्सा नव्या वर्षाच्या विजेचा नव्हताच. तो मागे झालेल्या कमी वसुलीचा आणि तसं पुन्हा होऊ नये म्हणून ठेवलेल्या गंगाजळीचा होता.

मागची बाकी कशी साचली, हे पाहण्यासारखं आहे, कारण अशी चूक कुठेही होऊ शकते. २०१२ चा अधिभार ठरला ऑक्टोबर २०११ मध्ये. सौर संचाचा हमीदर १ जानेवारी २०१२ पासून १५ टक्क्यांनी उतरणार होता: छोट्या छपरी संचासाठी २८.७४ वरून २४.४३ सेंट. तारीख आधीच माहीत होती आणि पॅनेलचे भाव पडत होते. मग ज्याला जमेल त्याने डिसेंबर गाठला. त्या एका महिन्यात सुमारे ३ गिगावॉट सौर क्षमता जोडली गेली. ऑक्टोबरच्या अंदाजाच्या उरावर हा सगळा बोजा आला.

त्याचा ढोबळ हिशेब असा. ३ गिगावॉट गुणिले वर्षाचे ९०० पूर्ण तास, म्हणजे २.७ अब्ज युनिट. लहानमोठे संच धरून सरासरी हमीदर २५ सेंट आणि बाजारातून ५ सेंट धरले तर युनिटमागे तूट २० सेंट. वर्षाला ५४ कोटी युरो, अधिभारात ०.१४ सेंट. एका महिन्याच्या गर्दीचे, २० वर्षं. यात भर पडली घाऊक दराच्या घसरणीची, आणि २०१२ पासून थेट बाजारात विकणाऱ्या पवन-सौर उत्पादकांना देऊ केलेल्या युनिटमागे १.२ सेंट व्यवस्थापन प्रीमियमची. सप्टेंबर २०१२ अखेर अधिभाराचं खातं २.६ अब्ज युरोंनी उणे झालं होतं.

वर्षातून एकदा, तारीख जाहीर करून, दराला मोठी कात्री लावली की लोक तारखेच्या आधी धावणारच. २०१२ च्या मध्यात जर्मनीने ही पद्धत बदलून हमीदर दर महिन्याला थोडाथोडा उतरवायला सुरुवात केली. हा शहाणपणा दोन वर्षं आधी सुचला असता तर बरेच युरो वाचले असते.

भरलं कोणी, वाचवलं कोणी

अधिभाराच्या भागाकारातला छेद हा खरा राजकारणाचा मुद्दा होता. जास्त वीज लागणाऱ्या उद्योगांना सवलत होती. वर्षाला १०० गिगावॉट-तासांच्या (१० कोटी युनिटांच्या) वर वापर आणि वीजखर्च मूल्यवर्धनाच्या २० टक्क्यांहून जास्त असेल तर अधिभार फक्त ०.०५ सेंट. २०१२ च्या कायद्याने सवलतीची खालची पायरी १० गिगावॉट-तासांवरून १ वर आणली. सवलत मिळवणाऱ्या कंपन्या सातशेच्या आसपास होत्या, त्या २०१४ पर्यंत दोन हजारांवर गेल्या. त्यांच्या वाट्याच्या युनिटांनी घरांचा आणि छोट्या धंद्यांचा अधिभार त्या वर्षी १.३ सेंटच्या आसपास वाढवला.

वर्षाला १ अब्ज युनिट खाणारा एखादा ॲल्युमिनिअमचा कारखाना कल्पून पाहा. २०१३ मध्ये पूर्ण दराने त्याला ५.२८ कोटी युरो अधिभार पडला असता. सवलतीत पडले ५ लाख. वर घाऊक दरातल्या १ सेंटच्या घसरणीने त्याचे १ कोटी युरो वाचले. म्हणजे अक्षय ऊर्जेच्या अनुदानातून त्याला निव्वळ फायदा झाला. त्याच गावातली बेकरी पूर्ण अधिभार भरत होती. मोठे कारखाने देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून दिलेली सूट समजण्यासारखी आहे, पण ज्यांना स्वस्त बाजाराचा लाभ सर्वांत जास्त मिळत होता त्यांनाच त्या स्वस्ताईच्या खर्चातून वगळणं, ही या रचनेतली सर्वांत अन्याय्य गोष्ट होती. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये याची चौकशी सुरू केली, आणि २०१४ च्या कायद्यात सवलतीतल्या उद्योगांनाही साधारणपणे अधिभाराच्या १५ टक्के भरायला लावलं. मात्र अतिवापराच्या उद्योगांसाठी मर्यादा राहिल्याच.

घरांना तो १ सेंटचा फायदा मिळाला का? उशिरा आणि अर्धामुर्धा. किरकोळ वीजकंपन्या घरगुती ग्राहकांसाठीची वीज एक ते तीन वर्षं आधीच ठरलेल्या दराने घेऊन ठेवतात. अधिभार १ जानेवारीला पूर्ण लागतो. घाऊक स्वस्ताई जुने करार संपतील तशी झिरपते. ज्यांनी कधीच पुरवठादार बदलला नाही, अशा मूळ दरपत्रकावरच्या ग्राहकांपर्यंत ती सर्वांत कमी पोचली. २०१३ मध्ये घरगुती दर २८.८ सेंटच्या आसपास होता आणि त्यातला निम्मा कर आणि आकारांचा.

२००४ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन यांनी या धोरणाचा खर्च एका घराला महिन्याला आइस्क्रीमच्या एका गोळ्याएवढा, साधारण एक युरो, सांगितला होता. २०१३ मध्ये तो महिन्याला १८ युरो होता. हे वाक्य त्यांचा पिच्छा सोडत नाही, आणि लोकांचा रागही समजतो.

उणे दराची पहाट

२५ डिसेंबर २०१२ च्या पहाटे घाऊक दर मेगावॉट-तासाला उणे २०० युरोंच्याही खाली गेला, म्हणजे युनिटला उणे २० सेंट. नाताळची सुट्टी, कारखाने बंद, हवा उबदार आणि वारा जोरात. लिग्नाइट आणि अणुकेंद्रं काही तासांसाठी बंद करून पुन्हा पेटवण्यापेक्षा पैसे देऊन वीज खपवणं त्यांना परवडत होतं. पारेषण कंपन्यांना मात्र हमीदराची वीज कुठल्याही भावाला विकणं भाग होतं. ९ सेंट देऊन घेतलेली युनिट २० सेंट वर देऊन विकली तर अधिभाराच्या खात्यातून जातात २९ सेंट. थेट विक्री करणारे पवनचक्कीवाले मिळणाऱ्या प्रीमियमपेक्षा जास्त तोटा दिसला की चक्की थांबवतात. हमीदरवाल्यांना थांबवण्याचं कारणच नव्हतं. म्हणूनच २०१४ च्या कायद्याने ५०० किलोवॉटवरच्या नव्या प्रकल्पांना थेट बाजारात विकणं सक्तीचं केलं, आणि २०१६ पासूनच्या मोठ्या प्रकल्पांसाठी सलग सहा तास दर उणे राहिला तर अनुदान शून्य केलं.

दोन ओळी एकत्र वाचा

या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी कोष्टक दोनच स्तंभांची बेरीज आहे. आकडे युनिटला सेंटमध्ये, कर सोडून.

| वर्ष | अधिभार | सरासरी घाऊक दर | बेरीज |
|---|---|---|---|
| २०११ | ३.५३ | ५.११ | ८.६४ |
| २०१२ | ३.५९ | ४.२६ | ७.८५ |
| २०१३ | ५.२८ | ३.७८ | ९.०६ |
| २०१४ | ६.२४ | ३.२८ | ९.५२ |
| २०१५ | ६.१७ | ३.१६ | ९.३३ |
| २०१६ | ६.३५ | २.९० | ९.२५ |

२०१२ ची बेरीज खाली दिसते कारण त्या वर्षी अधिभार कमी वसूल झाला. २०१३ ने ती बाकी उचलली. दोन्ही वर्षं एकत्र धरली तर २०११ ते २०१६ मधली खरी वाढ युनिटला अर्धा ते एक सेंट निघते. अधिभार त्याच काळात २.८ सेंटने चढला. नुसत्या अधिभारावर मथळे देणाऱ्यांनी वाढ तिपटीहून जास्त दाखवली. नुसता घाऊक दर दाखवणाऱ्यांनी ती लपवली. ही बेरीजही थोडी ढोबळ आहे, कारण आगाऊ खरेदीमुळे घाऊक दर घराला त्याच वर्षी लागत नाही.

उलट दिशेची परीक्षा पुढे झाली. २०२० च्या टाळेबंदीत घाऊक दर ३ सेंटवर पडला, आणि २०२१ चा अधिभार ९.६५१ सेंट निघत होता. सरकारने १०.८ अब्ज युरो तिजोरीतून घालून तो ६.५ वर रोखला. मग गॅस भडकला. २०२१ ची घाऊक सरासरी ९.७ सेंटवर गेली, जुन्या पवनचक्क्यांची तूट जवळपास मिटली, आणि २०२२ चा अधिभार ३.७२३ वर आला. १ जुलै २०२२ पासून तो शून्य झाला. ३,५०० युनिटांच्या घराचे त्यातून करासह वर्षाला १५५ युरो वाचले असते, पण त्याच सुमारास घाऊक दर वर्षाच्या सरासरीने २३.५ सेंटवर होता. अधिभार गेला आणि बिल वाढलं. २०१३ चं चित्र आरशात दिसावं तसं.

आता हा खर्च सरकारी तिजोरीतून जातो, सूत्र मात्र तेच आहे. २०२४ मध्ये घाऊक दर अंदाजाहून खाली राहिला, आणि १०.६ अब्जांची तरतूद पुरली नाही. आणखी कित्येक अब्ज घालावे लागले. दरम्यान नव्या प्रकल्पांची तूट मात्र खूप आटली आहे. मोठ्या सौर प्रकल्पांच्या लिलावात एप्रिल २०१५ मध्ये सरासरी ९.१७ सेंट दर निघाला होता, फेब्रुवारी २०१८ मध्ये ४.३३. बिलावरचं ओझं मुख्यतः २००९ ते २०१२ मधल्या महाग करारांचं होतं, आणि ते २०२९ नंतर एकेक करून संपतील.

महावितरणच्या बिलावर हे दिसत का नाही

आपल्याकडे साखळी वेगळी आहे. महावितरणची बहुतेक वीज दीर्घ मुदतीच्या करारांतून येते. दुपारी सौरऊर्जा आली की एमओडीनुसार औष्णिक युनिट खाली आणलं जातं. वाचतो तो इंधनाचा खर्च. केंद्र उपलब्ध असेल तर त्याचा स्थिर आकार द्यावाच लागतो. म्हणून युनिटला ३ रुपयांच्या आसपास सौर करार झाला तरी ग्राहकाला वाचलेला फरक म्हणजे थांबवलेल्या कोळशाची किंमत वजा ३ रुपये, सरासरी दर वजा ३ रुपये नव्हे. हा फरक इंधन समायोजन आकारातून किंवा पुढच्या दरनिश्चितीतून येतो, दुसऱ्या दिवशी नाही.

घरगुती छपरी संचाला केंद्र सरकारकडून मिळणारं अनुदान, ३ किलोवॉटला कमाल ७८,००० रुपये, करदात्याच्या पैशातून जातं. बिलावर त्याची ओळ नसते. बिलावर परिणाम होतो तो नेट मीटरिंगचा. घरगुती संचाने दुपारी ग्रिडला दिलेली युनिट रात्री घेतलेल्या युनिटमधून तशीच वजा होते, दोन्ही वेळच्या विजेची किंमत वेगळी असली तरी. आणि क्रॉस सबसिडीची दिशा आपल्याकडे जर्मनीच्या नेमकी उलट: तिथे घरांनी कारखान्यांचा भार उचलला, इथे कारखाने आणि दुकानं शेतीपंपांचा उचलतात. त्यामुळे मोठा उद्योग स्वतःचं सौर लावून ग्रिडवरून जितका उतरतो, तितका तो क्रॉस सबसिडीच्या छेदातून बाहेर पडतो, आणि वीज नियामक आयोगापुढच्या पुढच्या याचिकेत उरलेल्यांच्या युनिटांनी पुन्हा भागावं लागतं.